माणसं वजा केलेला विमानतळ

इन्स्टाग्रामवर ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ असं टाकून बघा. आधी खुर्च्या येतील, मग दिवे, मग कॅलिफोर्नियातली सपाट छपरांची घरं. आणि फार स्क्रोल करायच्या आत एक विमानतळ येईल. पांढरं वळणदार छत, कुठे म्हणून काटकोन नाही, जिना जमिनीतूनच उगवल्यासारखा, छताच्या पाकळ्यांमधल्या फटीतून खाली उतरणारा उजेड. न्यूयॉर्कचं टीडब्ल्यूए टर्मिनल. वास्तुकार एरो सारिनेन. सुरू झालं २८ मे १९६२ रोजी.

खालच्या कमेंट्स ठरलेल्या असतात. तेव्हा लोकांना सौंदर्याची जाण होती. आता सगळे विमानतळ मॉलसारखे झालेत. आपण चुकीच्या काळात जन्मलो.

मला या कमेंट्सशी भांडायचं आहे. फोटोंशी भांडण नाही, ते अप्रतिम आहेत. सारिनेनशीही नाही, उलट या लेखाच्या मध्यावर मी त्याच्याच बाजूने उभा असेन. भांडण आहे ते फोटो बघून इमारतीला मार्क देण्याच्या सवयीशी. विमानतळ ही गर्दीसाठी बांधलेली गोष्ट आहे. गर्दी वजा करून काढलेल्या फोटोवरून तिची परीक्षा होऊच शकत नाही. ही सवय निरुपद्रवी असती तर मी एवढं टायपिंग केलं नसतं. पण आपण कुठल्या इमारती जपतो, कुठल्या पाडतो आणि पुढे कशा बांधतो, हे सगळं या सवयीतून ठरत जातं.

आधी इमारतीचं श्रेय

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे महाराष्ट्रातल्या निम्म्या इंजिनिअरांसारखीच. त्यामुळे हे टर्मिनल बघताना माझं लक्ष आधी छताकडे जातं. काँक्रीटच्या चार पाकळ्या, वाय आकाराच्या चार खांबांवर टेकलेल्या आणि मधोमध एका तुकड्याशी जोडलेल्या. चौघी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. एक काढली तर बाकीच्यांचा तोल जाईल. दोन पाकळ्यांच्या मधे काचेची पट्टी आहे. जिथे छत सगळ्यात जड वाटायला हवं, नेमकं तिथूनच आभाळ दिसतं. कॉम्प्युटरवर थ्री-डी मॉडेल करण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. हातानं काढलेली ड्रॉइंग्ज, आणि सुतारांनी लाकडात बांधलेला तो प्रचंड साचा. त्या सुतारांची नावं कुठल्या कॉफी टेबल बुकात नाहीत, हे जाता जाता.

सारिनेनला नुसतं छत नको होतं. तिकिटाचं काउंटर, बाकं, विमानांच्या वेळा दाखवणारा फलक, विमानाकडे नेणारा लाल गालिचाचा बोगदा, सगळं एकाच घराण्यातलं दिसलं पाहिजे, ही त्याची अट. ती त्याने पाळली. पण उद्घाटन बघायला तो उरला नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनदरम्यान तो गेला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. न्यूयॉर्कच्या त्या विमानतळावर, ज्याला तेव्हा आयडलवाइल्ड म्हणत आणि आता जेएफके म्हणतात, प्रत्येक मोठ्या विमान कंपनीने आपापलं टर्मिनल बांधायचं अशी व्यवस्था होती. शेजाऱ्यापेक्षा आपलं उठून दिसलं पाहिजे, ही प्रत्येकाची गरज. टीडब्ल्यूएला टर्मिनल हवं होतंच, पण त्याच्याबरोबर जाहिरातही हवी होती. दोन्ही मिळालं. जाहिरात जास्त टिकली.

स्टोलर काय करायचा

हे टर्मिनल जगाच्या डोळ्यांत कोरून ठेवलं ते एझ्रा स्टोलरनं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयापासून सीग्राम बिल्डिंगपर्यंत विसाव्या शतकातल्या अमेरिकन वास्तुकलेची आपल्या मनातली बरीचशी चित्रं मुळात त्याची आहेत. त्याचं शिक्षण डिझाइनचं, त्यामुळे नकाशा वाचता यायचा. इमारतीत आधी नुसतं फिरायचं, कुठल्या वेळी कुठे ऊन येतं ते बघायचं, आणि मग मोठ्या फॉरमॅटचा जड कॅमेरा तिवईवर लावून त्या क्षणाची वाट बघायची, ही त्याची पद्धत. वास्तुकारांमध्ये त्याचा एवढा दबदबा की आपली इमारत ‘स्टोलराइझ’ व्हावी, असा शब्दच पडला होता.

त्याच्या टीडब्ल्यूएच्या फोटोंत माणसंच नाहीत, असं मी म्हणणार नाही. आहेत. एखादा कोटातला गृहस्थ चाललाय, कुणी बसलंय. पण ही माणसं नीट बघा. ती मोजकी आहेत आणि इमारतीला मापात दाखवायच्या कामाला लावलेली आहेत, जसं आपण ट्रेकला खडकाचा फोटो काढताना मित्राला शेजारी उभं करतो. त्यांना घाई नाही. विमान लेट झालेलं नाही. कुणाचं पोर रडत नाही, कुणाच्या बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरलेलं नाही, कुणी जमिनीवर बसून चार्जर शोधत नाही (तेव्हा चार्जर नव्हते, पण जमीन होती). सफाई कामगार नाही, हमाल नाही, काउंटरच्या आतली बाई नाही.

यात लबाडी काही नाही. वास्तूचा फोटो म्हणजे वास्तूचं व्यक्तिचित्र, आणि लग्न जमवायला काढलेल्या फोटोत कुणी सर्दी झालेलं नाक दाखवत नाही. गडबड होते ती आपण त्या फोटोला हेल्थ चेकअपचा रिपोर्ट समजायला लागतो तेव्हा.

इथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा या इमारतीत बांधकाम संपल्यावर आला नाही. तो आधीपासून आत होता. सारिनेनच्या ऑफिसात बाल्थझार कोराब नावाचा हंगेरीहून आलेला तरुण १९५५ पासून कामाला होता. तिथे टर्मिनलची एवढी मोठी मॉडेल्स करत की आत डोकं घालून बघता यावं. कोराब त्या मॉडेल्सचे फोटो काढायचा, असे की खरी इमारत वाटावी. ते फोटो बघून ऑफिसात निर्णय व्हायचे. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधीच ती कॅमेऱ्यातून कशी दिसते याची परीक्षा होत होती. मॉडेलच्या आत गर्दी नसते. मॉडेलमध्ये सामान नसतं.

लोड आल्यावर

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला डेमो म्हणतो तो नेहमी चालतो. एक युजर, स्वच्छ डेटा, वायफाय मजबूत. क्लायंट टाळ्या वाजवतो. खरी परीक्षा पुढे असते: एकाच वेळी लाखभर लोक आले तर? नियम बदलला तर? दुसऱ्या कुणाला यात तिसरंच काही जोडायचं असेल तर?

टीडब्ल्यूए टर्मिनलवर हा लोड लगेच आला. काम ठरलं तेव्हा पंख्यांच्या विमानांचा काळ होता. कॉन्स्टेलेशनसारख्या विमानात शंभराच्या आतबाहेर माणसं बसायची. टर्मिनल उघडेपर्यंत बोइंग ७०७ आलेलं होतं, त्यात दीडशेच्या आसपास. आणि जानेवारी १९७० मध्ये ७४७ प्रवासी घेऊन उडालं, एका विमानात साडेतीनशेच्या वर. एवढी माणसं एकदम दारात आली, की त्यांच्या बॅगा आल्या, त्यांना घ्यायला आलेले आले, रांगा आल्या. मग जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. तोपर्यंत रस्त्यावरून आत यायचं आणि सरळ विमानापर्यंत चालत जायचं, हेच तर या इमारतीचं स्वप्न होतं. त्या लाल बोगद्यात एक्स-रे मशीन कुठे ठेवणार?

प्रश्न फक्त जागेचा नव्हता. जागा कुठल्याही जुन्या इमारतीत कमी पडते. जिथे सगळंच एका घराण्यातलं असतं, तिथे बाहेरून सून आणताच येत नाही, ही खरी अडचण. काउंटर वळणदार, म्हणून दुसरं काउंटर जोडता येत नाही. फलक शिल्पासारखा, म्हणून मोठा फलक लावला तर भद्दा दिसतो. बसायची जागा खोलगट, पायऱ्या उतरून जायची, म्हणून व्हीलचेअरवाला वरूनच बघणार. आमच्या भाषेत याला ‘टाइटली कपल्ड’ म्हणतात: एका ठिकाणी हात लावला की दहा ठिकाणी मोडतं. चार पाकळ्या एकमेकींवर तोललेल्या, हे छतासाठी कौतुकाचं आहे. पण विमानतळाचा रोजचा कारभार असा तोलून ठेवला, तर पहिल्या बदलालाच तो कोसळतो.

टीडब्ल्यूएनं मागे नवं बांधकाम जोडून दिवस काढले. २००१ मध्ये कंपनीच संपली आणि टर्मिनल बंद झालं. पुढे त्याच्या मागेच जेटब्लूचं नवं टर्मिनल झालं, २००८ मध्ये सुरू. आणि सारिनेनची इमारत २०१९ पासून हॉटेल आहे, ५१२ खोल्यांचं. लोक तिथे जातात, खोलगट लाउंजमध्ये बसतात आणि फोटो काढतात. ज्या कामासाठी इमारत बांधली त्यातून ती सुटली आणि ज्या कामात ती पहिल्यापासून हुशार होती ते तिला पूर्णवेळ मिळालं.

तोच सारिनेन, दुसरी वही

आता सारिनेनच्या बाजूने. त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६२ रोजी, वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाचं उद्घाटन झालं. तेही सारिनेनचंच, आणि तेही त्याने पाहिलं नाही. पण इथे सुरुवात वेगळी झाली होती. गिऱ्हाईक विमान कंपनी नव्हती, सरकार होतं. शेजाऱ्याशी स्पर्धा नव्हती, आजूबाजूला व्हर्जिनियातली मोकळी जमीन होती. आणि सारिनेनच्या माणसांनी पहिलं काम काय केलं? स्टॉपवॉच आणि माणसं मोजायची यंत्रं घेऊन ते विमानतळांवर जाऊन उभे राहिले. लोक किती चालतात, कुठे थांबतात, कुठे अडतात, हे मोजलं.

त्या मोजणीतून निघालं की माणसाला फार चालावं लागतं. मग उपाय आला मोबाइल लाउंजचा: चाकांवरची मोठी खोली, ९० हून जास्त माणसं घेऊन थेट विमानापर्यंत जाणारी. ही कल्पना पटवून देण्यासाठी चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने १९५८ मध्ये एक छोटी फिल्म केली. तिचं नावच मराठीत सांगायचं तर ‘वाढता विमानतळ’ असं होतं. वाढ हा विषय पहिल्या दिवसापासून टेबलावर होता.

इमारतही त्या विचाराची. समोर उंच, मागे ठेंगण्या अशा बाहेर झुकलेल्या खांबांच्या दोन रांगा, आणि त्यांच्यामध्ये झोळीसारखं टांगलेलं छत. एक गाळा झाला की शेजारी तसाच दुसरा. लांबी ६०० फूट. १९९६ मध्ये गर्दीसाठी जागा पुरेना तेव्हा दोन्ही बाजूंना तसेच गाळे जोडले आणि लांबी १,२०० फुटांच्या पुढे गेली. आज उभं राहून बघितलं तर जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. सौंदर्याला ओरखडा नाही. उलट ते दुप्पट झालं.

मग डलेसमध्ये सगळं आलबेल झालं का? मुळीच नाही. मोबाइल लाउंजचा हिशेब असा होता की माणूस घरून येणार आणि विमानात बसणार. १९७८ नंतर अमेरिकेत विमान कंपन्यांवरचे निर्बंध उठले आणि एका शहरात उतरून दुसरं विमान पकडायचं, हे रोजचं झालं. तेव्हा लाउंजमधून टर्मिनलला जा आणि परत लाउंजमधून दुसऱ्या विमानाला या, हे कुणाला परवडणार? मैदानात मध्येच नव्या इमारती बांधाव्या लागल्या. लाउंजची गाडी त्या इमारतींमधली बस होऊन बसली. २०१० मध्ये जमिनीखालून ट्रेन आली.

मी ऑनसाइटला पहिल्यांदा गेलो तेव्हा डलेसलाच उतरलो होतो. अर्धवट झोपेत आम्हाला एका चाकांवरच्या खोलीत भरलं. शेजारच्या तेलुगू काकू आपल्या नवऱ्याला विचारत होत्या असं वाटलं, की हे परत विमानात का बसवतायत. त्या गाडीत सौंदर्य शोधायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. पण साठ वर्षांपूर्वीची ती चुकलेली कल्पना अजून माणसं वाहत होती. वेगळ्या कामाला लावून, पण वाहत होती. माझ्या लेखी यशस्वी डिझाइन ते हेच. अंदाज सगळ्यांचेच चुकतात. चुकल्यावर इमारत टाकून द्यावी लागते की दुरुस्त करून पुढे चालवता येते, यावर मार्क द्यायचे.

डलेसचे फोटो सुंदर नाहीत असं नाही. कोराबनं आणि स्टोलरनंही ते काढलेत. पण फीडवर टीडब्ल्यूए दहादा दिसतं तेव्हा डलेस एकदा दिसतं. एका फ्रेममध्ये मावणारी इमारत फोनच्या उभ्या स्क्रीनला आवडते. गाळ्यामागून गाळा अशी वाढत जाणारी इमारत तिथे मावत नाही.

‘पण फोटोमुळेच ती वाचली ना?’

हा सगळ्यात दमदार आक्षेप. आणि तो खरा आहे. टीडब्ल्यूए टर्मिनलला न्यूयॉर्क शहरानं १९९४ मध्ये वारसा वास्तूचा दर्जा दिला, आणि तिच्या प्रतिमेला जगभर प्रेम नसतं तर इतक्या लोकांनी तिच्यासाठी आवाज उठवला असता असं मला वाटत नाही.

पण त्याच विमानतळावर शेजारी काय झालं तेही बघा. आय. एम. पेई या थोर वास्तुकारानं तिथे नॅशनल एअरलाइन्ससाठी टर्मिनल बांधलं होतं, १९७० च्या सुमारास सुरू झालेलं. साधा आयताकृती मोठा हॉल, चारी बाजूंनी काच, बाहेर गोल खांब. त्यात नाट्य काही नव्हतं. जेटब्लूनं तिथूनच आपली विमानं सुरू केली आणि २००८ पर्यंत चालवली. म्हणजे सारिनेनच्या इमारतीला टाळं लागून सात वर्षं झाली तरी पेईची इमारत कामावर जात होती. २०११ मध्ये ती पाडली. छत्रीसारख्या छपराचं पॅन अ‍ॅमचं टर्मिनल २०१३ मध्ये पाडायला घेतलं.

कामाची इमारत पाडली आणि फोटोची ठेवली. फोटोनं एक इमारत वाचवली हे कबूल, पण कुठली वाचवायची हेही त्यानंच ठरवलं. वारशाची यादी फोटोजेनिक असण्यावर बनायला लागली, तर चाळ, मंडई, एसटी स्टँड, सरकारी दवाखाना यांचा नंबर कधी लागणार? ज्या इमारतींनी सगळ्यात जास्त माणसं वाहिली, त्यांचे फोटो कुणी काढलेच नाहीत, कारण त्या कधी रिकाम्या सापडल्याच नाहीत.

दुसरा आक्षेप असा: फोटोग्राफर काय करणार, गर्दीत इमारत दिसत नाही. याला उत्तर गॅरी विनोग्रँडनं देऊन ठेवलंय. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचा हा फोटोग्राफर पन्नाशीच्या दशकाच्या शेवटापासून जवळपास पंचवीस वर्षं विमानतळांवरही फोटो काढत राहिला. तो १९८४ मध्ये गेला. विमानतळांच्या फोटोंचं पुस्तक त्याच्या पश्चात, २००४ मध्ये आलं. त्यात वाट बघून कंटाळलेली माणसं आहेत, मिठ्या आहेत, बॅगांवर डोकं ठेवून पेंगणारे आहेत. आणि गंमत म्हणजे त्यात इमारतीही दिसतात. काच किती तापते, बाक किती कडक आहे, खिडकीशी पोरं का जमतात, हे माणसांच्या बसण्यातून कळतं. स्टोलर सांगतो की वास्तुकाराला काय हवं होतं. विनोग्रँड सांगतो की पुढे काय झालं. मला दोन्ही हवेत. आपण मात्र एकाच्याच फोटोचं पोस्टर करून भिंतीवर लावलं.

आता तर इमारतीच्याही आधी

हे सगळं साठ वर्षांपूर्वीचं अमेरिकन प्रकरण म्हणून सोडून देता आलं असतं. पण कोराबच्या मॉडेलमधलं ते काम आज प्रत्येक प्रकल्पात होतं. फरक एवढाच की आता त्याला रेंडर म्हणतात. पायाचा खड्डा खणायच्या आत संध्याकाळच्या सोनेरी उजेडातला विमानतळ आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्यातली माणसं तर स्टोलरच्या माणसांपेक्षाही पातळ असतात, अक्षरशः आरपार दिसणारी.

नवी मुंबईच्या विमानतळाचं कमळ आठवा. झाहा हदीद यांच्या कंपनीचं डिझाइन. ते चित्र आपण कित्येक वर्षं फॉरवर्ड केलं. त्या चित्रात उलव्याची कापलेली टेकडी नव्हती. वळवलेली उलवे नदी नव्हती. हलवलेली दहा गावं नव्हती. विमानतळ हवा की नको, हा माझा इथला मुद्दा नाही. मुंबईला दुसरा विमानतळ लागणारच होता. मुद्दा असा की पाकळ्या किती आणि कशा यावर आपण बोलत राहिलो, आणि पनवेलहून तिथे बसनं कसं जायचं, रात्रीच्या पाळीचा कामगार घरी कसा जाणार, हे विचारायचं राहून गेलं. चित्रात जे नसतं ते चर्चेत येत नाही.

उलटं उदाहरणही मुंबईतच आहे. अंधेरीजवळचं टी-टू, २०१४ मध्ये सुरू झालेलं. डलेसची लांबी ज्या कंपनीनं वाढवली त्याच स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिलचं हे काम. फोटो तुम्ही बघितलेत: वर फुलत जाणारे तीस पांढरे खांब, मोरपिसाची आठवण करून देणारं छत, खाली कुणी नाही. पण ही कंपनी स्वतः सांगते की इथे निरोप द्यायला येणाऱ्या मोठ्या गोतावळ्यांचा विचार करून आराखडा केला. त्या इमारतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे, आणि ती एकाही गाजलेल्या फोटोत नाही. एका मुलाला अमेरिकेला सोडायला सतरा जण आलेत, आजी त्याच्या हातावर दही ठेवतेय, काका ट्रॉली धरून उभे आहेत, आणि आत्या तिसऱ्यांदा पासपोर्टचं विचारतेय: टर्मिनलचं छत या सतरा जणांना उन्हापावसात पुरतं का, हा त्या तीस खांबांचा खरा पेपर आहे.

आणि एक परीक्षा तर आपल्याच घरात होते. आपले आईवडील परदेशी निघाले की आपण त्यांच्यासाठी व्हीलचेअर बुक करतो. गुडघे ठीक असतात. मिरज-साताऱ्याचे डोंगर चढलेले पाय असतात ते. व्हीलचेअर असते इंग्रजीसाठी. फ्रँकफर्टला किंवा दोह्याला उतरल्यावर पुढचं विमान कुठे, हे त्या इमारतीतून त्यांना समजणार नाही अशी आपली खात्री असते, म्हणून आपण हाताला धरून नेणारा माणूस मागून घेतो. एवढे पुरस्कार, एवढी मासिकं, एवढे रेंडर, आणि एका साठीच्या बाईला पुढचं दार सापडत नाही. हे डिझाइनचं अपयश आहे, आईचं नाही. आणि हे अपयश कुठल्याही फोटोत दिसत नाही, कारण ती बाई फोटोत नाही.

मग करायचं काय?

फोटो काढणं बंद करा, असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी असा फोटो समोर आला की लाइक जरूर करा, पण चार प्रश्नही विचारा. बॅगा कुठे आहेत? हे पुसतं कोण, आणि त्या माणसाला बसायला जागा आहे का? रांग लागली तर ती कुठे वळणार? आणि दुप्पट माणसं आली तर ही इमारत कुठल्या बाजूनं वाढणार? ज्या फोटोला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही, तो इमारतीबद्दल फारसं काही सांगत नाही, आकाराबद्दल सांगतो.

तुमच्यातले जे आर्किटेक्चर शिकताय, फोटो काढताय, डिझाइनवर लिहिताय, त्यांच्याकडे एक मागणी. इमारतीचा फोटो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काढू नका. दिवाळीच्या आदल्या दिवशी काढा. पहिल्या मोठ्या पावसात काढा. पहाटे तीनला काढा, जेव्हा अर्धी परदेशी विमानं आपल्याकडून सुटतात आणि अख्खं टर्मिनल डोळे चोळत उभं असतं.

आणि बक्षिसं उशिरा द्या. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेचा एक पुरस्कार असा आहे की इमारत पंचवीस वर्षं वापरली गेल्यावरच मिळतो. १९८८ मध्ये तो सारिनेनच्या एका विमानतळाला मिळाला. कुठल्या, ते सांगायला नको. त्यानंतर आठ वर्षांनी त्या विमानतळाला दोन्ही बाजूंना नवे गाळे जोडले, आणि तिथून आजही विमानं सुटतात.